सदऱ्याला हळदीचं बोट

घरी मी सांगितलं होतं की खाणीवर ताडपत्र्या शिवते. माझ्या थोरल्या जाऊबाईंचा त्यावर कधी विश्वास बसला नाही. भाकरी थापताना माझा हात धरून त्या एकदा म्हणाल्या, "अगं, ताडपत्री शिवणाऱ्या बाईची बोटं इतकी मऊ कशी?" मी हात सोडवून पुढची भाकरी थापायला घेतली. लहानपणापासून मला चटकन बोलता येत नाही. या नोकरीत तोच माझा मोठा गुण ठरला.

खाण होती कळव्याच्या पलीकडे, डोंगराला लागून. फाटकावर 'खडी मिळेल' अशी पाटी. आत चार पत्र्याच्या खोल्या, एक विहीर आणि पंधरा-वीस पुरुष. देश नुकताच स्वतंत्र झालेला, पण गोवा अजून पोर्तुगीजांकडेच होता. या पुरुषांना तिकडे चोरून पाठवायचं होतं. तिथे त्यांनी काय करायचं हे मला कोणी सांगितलं नाही, पण ते बंदूक चालवायला आणि दारू उडवायला शिकत होते हे कळायला सांगावं लागत नाही. खाण म्हटली की सुरुंग आलाच, म्हणून जागा खाणीची. सरकारातलं कुठलं खातं हे चालवत होतं, हेही मला नीटसं ठाऊक नाही. पगार हातात मिळे, तो देणारे साहेब उत्तरेकडचे होते आणि त्यांचं खरं नाव आम्हाला माहीत नव्हतं.

मला तिथे आणलं हवालदार साळुंक्यांनी. माझे यजमान लढाईत ब्रह्मदेशात कामी आले, तेव्हा हे त्यांच्याच पलटणीत होते. परत आल्यावर भेटायला आले आणि मला मशीनवर बसलेली पाहून म्हणाले, "वहिनी, काम आहे. पण तोंड शिवून करायचं." माझं शिक्षण मराठी चौथीपर्यंत, पदरात मूलबाळ नाही. ठाण्यात टेंभी नाक्यावरच्या घरून निघायचं, खाडीचा पूल ओलांडायचा आणि खाणीत जायचं. एवढं मला जमण्यासारखं होतं.

काम काय, ते सांगते. माणसाला पकडतात तेव्हा आधी त्याचे कपडे उलटे करून बघतात. कॉलरच्या आत शिंप्याची पट्टी असते. परटाने बिब्ब्याने घातलेली खूण असते, आणि ती धुऊन कधी जात नाही. खिशाच्या तळाशी तंबाखू, भुसा, तिकिटाचा तुकडा सापडतो. त्यामुळे आमच्या माणसाच्या अंगावर इकडची एकही खूण राहता कामा नये. हवालदारांनी मला गोव्याकडचा एक जुना सदरा आणून दिला होता. मी तो शिवण-शिवण उसवून पाहिला आणि तसाच शिवायला शिकले. बटणंही तिकडचीच लावायची. जायच्या आदल्या दिवशी प्रत्येकाचे सगळे कपडे माझ्यापुढे यायचे. ते उजेडात धरायचे, उलटे करायचे, शिवणीतून बोट फिरवायचं. माझा होकार झाल्याशिवाय कोणी निघायचं नाही.

एवढी जबाबदारी आणि मी तर पुरुषांशी मान वर करून बोलत नसे. त्यातून गमती व्हायच्या. बरेच जण ख्रिस्ती खलाशी किंवा स्वयंपाकी बनून जायचे. आता ख्रिस्त्याच्या कमरेला करदोटा नसतो. हे मी त्यांना कसं सांगू? मी हवालदारांकडे पाहून नुसती स्वतःच्या कमरेशी बोट फिरवायची. ते ओरडायचे, "ए, करदोटे काढा रे, वहिनींनी हुकूम दिलाय." एक धिप्पाड सातारकर होता, तो करदोटा तोडायला तयारच होईना. आईने बारशाला बांधलाय म्हणे. शेवटी तो कापला तेव्हा त्याचे डोळे भरून आले, आणि मग जेवताना दोन भाकऱ्या कमीच खाल्ल्या. दुसऱ्याच्या दंडावर हातभर मारुती गोंदलेला. त्याला मी लांब बाह्यांचे सदरे शिवले, पण साहेब म्हणाले की बाही वर सरकली की मारुती उडी मारणार, आणि त्याला पाठवलंच नाही. तो खाणीतच राहिला, आचारी म्हणून. मारुतीने त्याला वाचवलं असं सगळे चिडवायचे.

बाहेरचे लोकही काही आंधळे नव्हते. माजिवड्याचे एक पाटील घराच्या जोत्यासाठी खडी घ्यायला आले. फाटकावर त्यांना नेमकी मी भेटले. डोळे बारीक करून म्हणाले, "बाय, ही कनची खान गो? सुरुंग रोज वाजतंय, न खडीची गारी एक पन भायेर परत नाय." रोज सुरुंग, पण गाडी एकही बाहेर पडत नाही, हे त्यांनी हेरलं होतं. मी घाबरून आत पळाले. साहेबांना ते कळल्यावर त्यांनी सगळ्यांना घण दिले. पुढे आठवडाभर बंदुका बाजूला राहिल्या आणि आमची माणसं शिव्या देत खडी फोडत बसली. पाटलांना माल इतका आवडला की त्यांनी आणखी दोन गिऱ्हाइकं पाठवली.

हसण्यासारखं होतं ते इतकंच. त्यानंतरच्या हिवाळ्यात आमचा एक माणूस तिकडे धक्क्यावर उतरताक्षणीच पकडला गेला. तिकडचे पोलीस त्याची वाटच पाहत होते, असं कळलं. म्हणजे इथून कोणीतरी बोललं होतं.

तेव्हापासून खाणीतली हवा बदलली. साहेब कोणाशी सरळ बोलेनासे झाले. एकच प्रश्न सकाळी एका तऱ्हेने विचारायचे आणि संध्याकाळी दुसऱ्या. मला विचारलं, दीर काय करतात? पुढे काही दिवसांनी, दिरांच्या दुकानात कोण कोण येतं? मी म्हटलं, त्यांचं दुकान नाही, ते कचेरीत कारकून आहेत. साहेब म्हणाले, "हो, हो, विसरलो." ते विसरलेले नव्हते. पुलावरून घरी जाताना माझ्या मागे बरंच अंतर ठेवून एक माणूस चालायचा. मी थांबले की तो खाडीकडे बघत उभा राहायचा. पुरुष एकमेकांच्या पेट्या उघडून बघू लागले. मारुतीवाल्या आचाऱ्याने आमटीत मीठ जास्त घातलं तरी लोक एकमेकांकडे पाहायचे. मीही कोणाकोणावर संशय घेत होते. मशीन चालवताना मनात एकेकाचा चेहरा यायचा आणि वाटायचं, हा असेल का?

त्या दिवसांत आंतोनची जाण्याची पाळी आली.

त्याचं खरं नाव मला कधी कळलं नाही. तिकडे जायचं त्या नावाची सवय व्हावी म्हणून आम्ही सगळे त्याला आंतोनच म्हणायचो. वय पंचविशीचं, काळासावळा, शीळ घालत फिरणारा. त्याचे वडील बोटीवर खलाशी होते आणि आई मूळची गोव्याच्या हद्दीजवळची, त्यामुळे त्याला तिकडची बोली यायची. बोटीवरून सुट्टीला घरी निघालेला खलाशी बनून तो जाणार होता. असा माणूस नव्या कपड्यांत गावी उतरतो, म्हणून त्याला मी नवा पांढरा सदरा शिवला. अंगावर बसावा म्हणून तो त्याला आधीच वापरायला दिला. रविवारी पोरांना ठाण्यात फिरायला सुट्टी असे. घरी मात्र कोणी जायचं नाही, हा नियम होता. आई-बापांनासुद्धा आपला मुलगा कुठे आहे ते ठाऊक नसायचं.

जायच्या आदल्या दिवशी सकाळी त्याचे कपडे माझ्यापुढे आले. सदरा उलटा करून उजेडात धरला, तर खालच्या कोपऱ्याला आतल्या बाजूने पिवळा ठिपका. बोटाच्या टोकाएवढा. हळद.

आपल्याकडे नवा कपडा अंगावर घालण्याआधी त्याला हळदीचं बोट लावतात. मीही यजमान होते तोवर लावत असे. पण ख्रिस्ती खलाशाच्या सदऱ्याला हळदीचं बोट कोण लावेल? ज्याला ही रीत माहीत आहे त्याने तो कोपरा उलटून पाहिला की संपलं. साबणाने धुऊ म्हटलं तर हळद लाल होते आणि डाग आणखी दिसतो. पण मी धुवायला नेलाच नाही. सदरा तसाच घडी करून हवालदारांपुढे ठेवला. ते तो साहेबांकडे घेऊन गेले आणि थोड्या वेळाने मला बोलावणं आलं.

साहेबांनी विचारलं, हे काय आहे. हवालदारांनी रीत समजावून सांगितली. साहेबांना ती रीत वाटली नाही, इशारा वाटला. येणाऱ्यांपैकी आमचा माणूस कोणता ते तिकडच्यांना ओळखता यावं म्हणून कोणीतरी खूण करतंय, असं त्यांच्या मनात आलं. पहिल्या माणसाच्या कपड्यांवरही असलंच काही असेल, आणि कपडे तर सगळे एकाच हातातून जातात.

हवालदार म्हणाले, "साहेब, वहिनी हळद-कुंकवाला हात लावत नाहीत."

"का?"

हवालदारांनी टोपी सारखी केली. मग मीच म्हणाले, "मी विधवा आहे."

साहेब म्हणाले, "डाळीत घालता ना हळद? मग हात तर लागतोच."

माझी नोकरी जाईल याची मला भीती नव्हती. पण यजमान ज्या देशासाठी गेले असं मला सांगण्यात आलं होतं, त्याच देशाशी मी बेइमान, असं कोणी म्हणेल, आणि तेही हवालदारांच्या देखत, ते मला सोसणार नव्हतं. आंतोनला बोलावलं. त्याने ठिपक्याकडे पाहिलं आणि म्हणाला, माहीत नाही. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खाली मान घातली. आता आम्हा दोघांतलं एक जण खोटं बोलत होतं, हे तिथे सगळ्यांना दिसत होतं.

साहेबांनी दोघांनाही शिक्षा केली नाही. त्यांनी मलाच डोंबिवलीला धाडलं. आंतोनची आई तिथे एका चाळीत राहते, एवढं हवालदारांना ठाऊक होतं. सबबही साहेबांनीच रचून दिली. मी ठाण्याची शिवणकाम करणारी, तुमचा मुलगा सदऱ्याचं कापड टाकून गेला, माप द्यायचं राहिलं, तर तो रविवारी घरी आला होता का? मी खरं बोलते की नाही हे पाहायला माझ्यामागे माणूस असणार, हे मला सांगायची गरज नव्हती.

डोंबिवलीत तेव्हा स्टेशन सोडलं की भातखाचरंच. चाळीच्या टोकाच्या खोलीत एक बाई उंबऱ्यापाशी तांदूळ निवडत बसली होती. कपाळाला मोठं कुंकू. मी सबब सांगितली. नीट पाठ केलेली, तरी मधेच अडखळले.

तिने सूप खाली ठेवलं नाही. "कोणाक सोदतंस तू?"

मी परत सांगितलं. तुमचा मुलगा.

"माका झील नाय," ती म्हणाली. झील म्हणजे मुलगा. "एक चेडू आसा, तां घोवाकडे." एकच मुलगी, ती नवऱ्याच्या घरी.

बाहेर दोरीवर एक निळा सदरा वाळत होता. त्याच्या कोपराला ठिगळ होतं, आणि ते ठिगळ मी खाणीत आंतोनला लावून दिलेलं होतं. स्वतःच्या हाताची शिवण कोण ओळखणार नाही? माझी नजर तिथे गेलेली तिने पाहिली. "शेजाऱ्याचो तो," ती म्हणाली आणि पुन्हा तांदळात बोटं फिरवू लागली. मग तिनेच मला विचारायला सुरुवात केली. राहतेस कुठे, घरात कोण, शिवणकाम दुकानात करतेस की घरी? मी टेंभी नाक्यावरचं आमचं घर खरं खरं सांगून बसले. पाठ केलेलं संपलं होतं आणि मला आयत्या वेळी खोटं सुचत नाही. निघताना तिने पाणी दिलं, गूळ दिला, पण मुलाबद्दल अवाक्षर काढलं नाही.

मी परत येऊन जसंच्या तसं सांगितलं. दोरीवरच्या सदऱ्याचंही सांगितलं. साहेबांनी आंतोनला पुन्हा बोलावलं आणि म्हणाले, "तुझी आई म्हणते तिला मुलगा नाही."

आंतोनला हसू आलं. ते त्याने दाबलं आणि मग सगळं कबूल केलं. रविवारी तो घरी गेला होता, जुना निळा सदराही तिथेच ठेवून आला होता. कुठे चाललोय ते आईला सांगितलं नाही, पण ती काय समजायचं ते समजली. नवा सदरा बघून तिने अंगातून काढायला लावला, हळदीचं बोट लावलं आणि पुन्हा घातला. ते पुसायला त्याचा हात धजला नाही, आणि मग विसरला. निघताना त्याने आईला बजावलं होतं, मी स्वतः दारात येईपर्यंत कोणीही आलं, काहीही बोललं, तरी मला मुलगा नाही म्हणून सांग.

साहेब बराच वेळ पेन्सिल फिरवत होते. नियम मोडणारा माणूस पाठवायचा की नाही, हे ते ठरवत होते. हवालदार भिंतीशी ताठ उभे. शेवटी साहेब म्हणाले, "अशी आई असेल तर मुलगा तोंड उघडणार नाही. बाई, दुसरा सदरा शिवा." माझ्याकडे पाहून ते अर्धवट हसले. माफी मागायची त्यांची ती रीत असेल. पण पुलावरचा माणूस त्यानंतरही माझ्यामागे चालायचा थांबला नाही.

हळदीचा सदरा जाळायचा हुकूम झाला. हवालदारांनी तो आधी डोळ्यांना लावला आणि मग विस्तवावर टाकला. मी नवा शिवून दिला. आंतोनने तो घेताना हळूच विचारलं, "बाई, आई बरी दिसली का?"

मी म्हटलं, "खोटं फार छान बोलतात."

तो मोठ्याने हसला. त्याचं माझ्याशी झालेलं ते शेवटचं बोलणं.

पुढे चार-सहा महिने त्याच्याकडून खुणेच्या भाषेत बातम्या येत राहिल्या, असं हवालदार सांगायचे. मग त्या थांबल्या. आणि एक दिवस साहेबांनी आम्हा दोघांना आत बोलावून सांगितलं की तो तिकडेच संपला. कसा, कुठे, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं किंवा त्यांनी सांगितलं नाही. कागद येणार नव्हता, नाव लागणार नव्हतं. सरकारदरबारी आमचा आंतोन मुळी नव्हताच. तरी आईला तोंडाने कळवायला हवं, असं साहेब म्हणाले. हे मात्र मी त्यांच्या बाजूचं लिहून ठेवते.

हवालदार गेले आणि संध्याकाळी परत आले. लढाई पाहिलेला माणूस, पण त्या दिवशी फाटकातच बसून राहिला. म्हणाले, "वहिनी, त्या ऐकूनच घेत नाहीत. म्हणतात, मुलगा नाही."

मग मी गेले. तीच चाळ, तोच उंबरा, तेच तांदळाचं सूप. तिने मला ओळखलं.

"तू आदीय इल्लंस. तुका सांगलंय मिया. माका झील नाय."

मी आयुष्यात कोणाला इतकं कठीण काही सांगितलं नव्हतं. तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, "मावशी, तो आता स्वतः यायचा नाही."

तिची बोटं तांदळात थांबली. मग पुन्हा फिरू लागली. एक खडा काढून तिने बाहेर टाकला.

"जेचो झील आसात, तेका जावन सांग," ती म्हणाली. ज्याचा मुलगा असेल त्याला जाऊन सांग.

मी उठून निघाले. दोरीवर काही नव्हतं. परतताना मला तिचा राग आला, मग साहेबांचा, मग हवालदारांचा. ती मला अजून संशयाने पाहत होती की तिने शब्द पाळला, हे मी तेव्हाही ठरवू शकले नाही. आम्हीच सगळ्यांना शिकवलं होतं, कोणावर विश्वास ठेवू नका. ती तेच करत होती, आणि तिला उलट शिकवणारा आता कोणी उरला नव्हता. धक्क्यावर पकडल्या गेलेल्या माणसाची बातमी कोणी फोडली, तेही शेवटपर्यंत कळलं नाही. खाण बंद झाली तेव्हा आम्ही सगळे एकमेकांचा निरोप घेऊन पांगलो, आणि निरोप घेतानाही प्रत्येक जण दुसऱ्याच्या डोळ्यांत काही सापडतंय का ते पाहत होता.

मी घरी शिवणकाम करू लागले. त्या वर्षी नवरात्रात देवीच्या दर्शनाला निघालेल्यांची रस्त्यावर गर्दी होती. दुपारी दारात कोणी आलं म्हणून जाऊबाई उठल्या. मी मशीनवरून पाहिलं, तर ती, डोंबिवलीची. हातात कागदात गुंडाळलेलं पांढरं कापड.

ती आत आली आणि कापड माझ्यापुढे ठेवलं. "सदरो शिवूचो आसा."

जाऊबाईंनी विचारलं, कोणासाठी? तिने कापडाची घडी उलगडली. कात्री हातात घेतल्यावर शिवणारी बाई जे विचारते, तेच सवयीने माझ्या तोंडून गेलं, "माप?"

"तुका म्हायत आसा," ती म्हणाली.

मी कापड बेतलं. टेप घ्यावी लागली नाही. ती भिंतीला टेकून बसली आणि सदरा पुरा होईपर्यंत हलली नाही. जाऊबाई स्वयंपाकघरातून ये-जा करत आम्हा दोघींकडे बघत होत्या. बटणं लावून मी सदरा झटकला आणि तिच्या हातात दिला. तिने तो उलटा केला, माझ्यासारखाच उजेडात धरला, शिवणीतून बोट फिरवलं. मग जाऊबाईंना म्हणाली, "वायच हळद दी गो."

जाऊबाईंनी वाटीत हळद आणून दिली. तिने बोट बुडवलं आणि खालच्या कोपऱ्याला आतून टेकवलं. पूर्वी जिथे होतं, तिथेच. सदरा घडी करून पदराखाली घेतला आणि गर्दीतून निघून गेली.

जाऊबाई दाराशी उभ्या राहून तिला दिसेनाशी होईपर्यंत पाहत होत्या. मग माझ्याकडे वळल्या. "कोण गं ही? तुझ्या ओळखीची कशी? आणि मुलगा काय करतो तिचा?"

मी मशीनवर झाकण घातलं.

"तिला मुलगा नाही," मी म्हटलं.